मसूर ते मिसरोद



शाळेच्या या कार्यक्रमात लेझीम झालं, नाटुकलं झालं, बक्षिसं अजून टेबलावरच आहेत आणि मध्ये मी उभा आहे. तुमची चुळबुळ मला इथून दिसते. म्हणून उपदेश करत नाही. आगगाडीच्या दोन गोष्टी सांगतो, एक मागणी करतो आणि खाली बसतो.

पहिली गोष्ट १९०१ च्या उन्हाळ्यातली. एका मुलाचे वडील खटाव तालुक्यात गोरेगावला खजिनदार होते. दुष्काळी कामातून तिथे तलाव बांधला जात होता. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. अंगात नवे कपडे, डोक्यावर भरजरी टोप्या, आगगाडीचा प्रवास, आणि बरोबर मोठं माणूस कोणी नाही! मुलं खुशीत मसूर स्टेशनवर उतरली, पण न्यायला कोणीच आलेलं नव्हतं. येत असल्याचं पत्र वडिलांच्या हाती पडलंच नव्हतं. स्टेशनमास्तरांनी चौकशी केली. कपड्यांवरून त्यांना ती ब्राह्मणांची मुलं वाटली होती. मुलांनी सांगितलं, आम्ही महार. मास्तरांचा चेहरा बदलला आणि ते आपल्या खोलीत निघून गेले. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण दुप्पट भाड्यालाही गाडीवान तयार होईनात. अखेर मास्तरांनीच तोड काढली. दुप्पट भाडं द्यायचं, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवान बाजूने चालेल. मुलांजवळ डबा होता, पण वाटेत प्यायला पाणी कोणी दिलं नाही. पाण्याशिवाय जेवणार कसं? ती उपाशीच झोपली.

त्यातला नऊ-दहा वर्षांचा मुलगा म्हणजे आपल्या मध्य प्रदेशातल्या महूला जन्मलेले भीमराव आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहून ठेवली आहे. त्यात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. शाळेत वेगळं बसावं लागतं, नळाला हात लावता येत नाही, हे सगळं त्यांनी त्याआधीही सोसलं होतं. पण ते रोजचंच होतं, अंगवळणी पडलेलं. मसूरच्या प्रवासाने मात्र त्यांना हादरवलं आणि अस्पृश्यतेचा विचार करायला लावलं. प्रवासाचा खरा उपयोग हाच. घरी जे चालतंच असं वाटतं, ते बाहेर पडल्यावर खुपायला लागतं. हाच मुलगा पुढे राज्यघटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष झाला. दुकानं, हॉटेलं, विहिरी, तलाव, रस्ते यांच्या वापरात जात, धर्म पाहून कोणालाही अडवता येणार नाही, असं आपल्या घटनेचं १५ वं कलम सांगतं. नागरिकशास्त्राच्या पेपरासाठी ते पाठ कराल, तेव्हा मसूरची तहानलेली मुलं आठवा.

दुसरी गोष्ट आपल्याच भोपाळची. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधली रात्र. युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून विषारी वायू सुटला होता आणि भोपाळ स्टेशनात प्रवाशांनी भरलेली गाडी उभी होती. उपस्टेशन अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी ती वेळेआधीच सोडून दिली आणि भोपाळकडे येणाऱ्या गाड्या रोखण्यासाठी आजूबाजूच्या स्टेशनांना खबर दिली. त्या रात्री ड्यूटीवरचे अनेक रेल्वे कर्मचारी मरण पावले. दस्तगीर वाचले, पण वायूने पोखरलेल्या शरीरानिशी जगले आणि २००३ मध्ये गेले. त्या गाडीत कोण कुठल्या जातीचं, कुठल्या धर्माचं बसलं आहे, हे पाहायला त्यांना वेळही नव्हता आणि गरजही नव्हती.

वायूने भेदभाव केला नाही असं आपण म्हणतो. पण कारखान्याच्या भिंतीला लागून राहत कोण होतं? हातावर पोट असलेली माणसं. १९८९ मध्ये नुकसानभरपाईबाबत कंपनीशी ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. माणशी हाती आलेली रक्कम औषधालाही पुरली नाही. कारखान्यातला सुमारे ३३७ टन कचरा हलायला जानेवारी २०२५ उजाडला. तो गेला महूजवळच्या पिथमपूरला आणि तिथल्या लोकांनी रस्त्यावर येऊन विरोध केला. आपल्या दारातलं विष दुसऱ्याच्या दारात ठेवणं म्हणजे न्याय नव्हे.

आता भोपाळलगतचं आपलं मिसरोद. इथे नव्या कॉलन्या झाल्या, मोठाल्या इमारती झाल्या. भाड्याने घर पाहायला गेलं की आधी विचारतात, "पूरा नाम?" इटारसीच्या गाडीत शेजारी बसलेले काकाही विचारतात, "पूरा नाम?" आडनाव कळलं की आवाज बदलतो, कधी गोड होतो, कधी कोरडा. धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा कप अजूनही कित्येक घरांत वेगळा ठेवलेला असतो. आपण मराठी माणसं शिवाजी, फुले, आंबेडकर यांची नावं अभिमानाने घेतो, म्हणून आपली घरं यातून सुटतात असं नाही. मसूरचा मास्तर काही राक्षस नव्हता. त्याने मुलांना गाडी मिळवूनही दिली, पण त्यांना गाडीवानाच्या शेजारी बसवायची हिंमत त्याला झाली नाही. आपल्यातले बहुतेक जण तसेच असतात, मदत करतात, पण चालत आलेल्या रीतीला धक्का न लावता.

आता मागणी. इथल्या शाळांच्या सहली सांचीला, भोजपूरला, भीमबेटकाला जातात. जायलाच हव्यात. पण भोपाळमध्ये वाढलेली किती मुलं कारखान्याजवळच्या जे. पी. नगर वस्तीत गेली आहेत? कारखान्यासमोर बाळाला छातीशी धरलेल्या आईचा पुतळा आहे, तो किती जणांनी पाहिला आहे? मुख्याध्यापिका बाई, माझी जाहीर विनंती आहे, पुढच्या वर्षी सहलीचा एक दिवस तिथे द्या. मिसरोदहून रेल्वेने भोपाळ स्टेशनात उतरा. त्या रात्री कामावर मरण पावलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांचं स्मारक तिथे आहे, ते आधी मुलांना दाखवा आणि मग वस्तीत जा.

आणि मुलांनो, तिथल्या आजी-आजोबांशी भरपूर बोला. कुठे राहता, काय काम करायचात, त्या रात्री कुठे होतात, सगळं विचारा. फक्त पूरा नाम विचारू नका.