घरच्या संगणकाचा पहारेकरी कसा निवडावा?

(स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांपुढे बंगळुरू येथे केलेल्या भाषणाचा मजकूर)



ज्या शहरात आज आपण जमलो आहोत, त्याच्याशी मराठी माणसाचे नाते जुने आहे. सतराव्या शतकात बंगळुरू हे शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे होते. आधुनिक काळात, १९८५ मध्ये, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या अमेरिकी कंपनीने येथे आपले केंद्र उघडले आणि पुढे हे शहर देशाच्या संगणक उद्योगाचे माहेरघर बनले. संगणकीय गुन्ह्यांसाठी देशातील पहिले स्वतंत्र पोलीस ठाणे २००१ मध्ये स्थापन झाले, तेही याच शहरात. संगणक जेथे आधी रुजला, तेथे त्याच्या सुरक्षिततेचा प्रश्नही आधी उभा राहिला.

आजचा विषय वरकरणी लहान वाटेल: घरच्या संगणकावर सुरक्षेची आणि नित्य उपयोगाची कोणती सॉफ्टवेअर ठेवावीत? परंतु तुमच्यापैकी अनेकांच्या संगणकात दोन-तीन वर्षांच्या अभ्यासाची टिपणे आहेत. जातीचा दाखला, नॉन-क्रीमिलेअर प्रमाणपत्र, गुणपत्रिका आणि स्वाक्षरी यांच्या प्रती आहेत. अर्जाच्या शेवटच्या दिवशी यांतील एक कागद उघडला नाही, तर वर्ष वाया जाऊ शकते.

माझ्या परिचयातील एका विद्यार्थ्याची हकीकत सांगतो. छपाईच्या दुकानातून आणलेला पेनड्राइव्ह त्याने संगणकाला जोडला. त्यातील सर्व फोल्डर नाहीसे होऊन त्यांच्या जागी त्याच नावाचे ‘शॉर्टकट’ दिसू लागले. घाबरून त्याने महाजालावर उपाय शोधला आणि ‘संगणक वेगवान करणारे’ एक मोफत साधन उतरवून घेतले. त्याने काहीच साधले नाही. शेवटी कोणीतरी सांगितले म्हणून त्याने पेनड्राइव्ह फॉरमॅट केला आणि त्यावर नव्या फाइली भरल्या. वस्तुतः या प्रकारचा विषाणू बहुधा मूळ फाइली नष्ट करत नाही, केवळ लपवतो. लपलेल्या फाइली दाखवण्याचा पर्याय निवडून त्या दुसरीकडे उतरवून घेता आल्या असत्या. विषाणूने काही नेले नव्हते. नेले ते उपचाराने.

या हकीकतीतच आजच्या विषयाचे मर्म आहे. सुरक्षेचे साधन निवडणे हा मुख्यतः विश्वासाचा प्रश्न आहे.

पहारेकऱ्याच्या हाती किल्ल्या

अँटिव्हायरसला प्रत्येक फाइल उघडून पाहावी लागते, संशयास्पद आज्ञावली थांबवावी लागते आणि संगणक सुरू होताच जागे व्हावे लागते. म्हणून संगणकातील सर्वांत वरच्या दर्जाचे अधिकार त्याला दिलेले असतात. ज्याच्या हाती घराच्या किल्ल्या द्यायच्या, त्याची चौकशी अधिक कसोशीने करावी, हे ओघानेच आले.

अलीकडच्या काळातील तीन घटना या दृष्टीने अभ्यासण्याजोग्या आहेत. सीक्लीनर हे संगणकातील कचरा साफ करणारे लोकप्रिय साधन. २०१७ मध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक आज्ञावली मिसळली आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांपर्यंत पोहोचली. दुसरी घटना अवास्टची. या अँटिव्हायरस कंपनीने वापरकर्त्यांच्या महाजालावरील वावराची माहिती आपल्या उपकंपनीमार्फत विकल्याबद्दल २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिला १ कोटी ६५ लाख डॉलर भरावयास लावले. तिसरी घटना १९ जुलै २०२४ ची. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरचे एक सदोष अद्ययावतीकरण जगभरातील सुमारे ८५ लाख संगणकांना बंद पाडून गेले. त्या दिवशीच्या गोंधळाची झळ बंगळुरूसह देशातील अनेक विमानतळांवरील प्रवाशांना बसली.

यावरून सुरक्षा साधने टाकूच नयेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. निष्कर्ष एवढाच, की प्रत्येक नवे साधन म्हणजे संगणकात उघडलेले आणखी एक दार आहे. म्हणून साधने थोडी असावीत आणि त्या प्रत्येकाचे काम आपल्याला ठाऊक असावे.

आधी तटबंदीची डागडुजी

रायगडावरील हिरकणी बुरुजाची आख्यायिका तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. सायंकाळी गडाचे दरवाजे बंद झाले, तरी घरी ठेवलेल्या तान्ह्या बाळाच्या ओढीने ती गवळण अवघड कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा गौरव केला आणि त्याच जागी बुरूज बांधून घेतला. दरवाजा भक्कम होता, पहारेकरीही चोख होते. उणीव तटबंदीत होती. ती लक्षात येताच बुजवली गेली.

संगणकाच्या भाषेत या बुरुजाला सुरक्षा अद्ययावतीकरण म्हणतात. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय नावाच्या खंडणीखोर विषाणूने दीडशेच्या आसपास देशांतील संगणकांवरील फाइली कुलूपबंद केल्या. ब्रिटनमधील अनेक रुग्णालयांचे काम त्यामुळे विस्कळीत झाले. ज्या उणिवेतून तो पसरला, ती बुजवणारे अद्ययावतीकरण मायक्रोसॉफ्टने १४ मार्च २०१७ रोजी, म्हणजे दोन महिने आधीच, उपलब्ध करून दिले होते. ज्यांनी ते वेळेवर बसवले, त्यांना ही उणीव जाचली नाही. म्हणून कोणतेही साधन विकत घेण्यापूर्वी संगणकाची मूळ प्रणाली आणि ब्राउझर आपोआप अद्ययावत होतील अशी व्यवस्था करावी.

विंडोज ७ ला मिळणारे सर्वसाधारण साहाय्य १४ जानेवारी २०२० रोजी, तर विंडोज १० चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. विंडोज १० च्या पुढील दुरुस्त्या विस्तारित योजनेत नोंदणी करणाऱ्यांसाठीच आहेत. ज्यांचा जुना संगणक नव्या प्रणालीला पेलवत नाही, त्यांनी लिनक्सचा विचार अवश्य करावा. उबुंटूसारख्या मुक्त प्रणाली विनामूल्य मिळतात. आपल्या देशातील सी-डॅक या संस्थेनेही ‘बॉस’ नावाची भारतीय भाषांना अनुकूल लिनक्स प्रणाली विकसित केली आहे.

कोणते अँटिव्हायरस?

हा प्रश्न मला सर्वाधिक वेळा विचारला जातो. २०१२ मध्ये आलेल्या विंडोज ८ पासून या प्रणालीत डिफेंडर हे अँटिव्हायरस अंतर्भूत आहे. सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या संगणकासाठी, अद्ययावतीकरण चालू असेल तर, ते सहसा पुरेसे ठरते. एकाच वेळी दोन अँटिव्हायरस मात्र चालवू नयेत. दोघेही एकाच फाइलीवर पहारा करू लागतात, संगणक मंदावतो आणि कधी कधी एक दुसऱ्यालाच चोर समजतो.

विकत घ्यावयाचे असल्यास भारतीय पर्यायही आहेत. पुण्यातील क्विक हील ही कंपनी त्यांपैकी एक. सातारा जिल्ह्यातील रहिमतपूरचे कैलास काटकर यांनी दहावीनंतर शिक्षण सोडून कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली. दुरुस्तीसाठी येणारे संगणक विषाणूंनी ग्रासलेले पाहून त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी १९९० च्या दशकात विषाणू काढणारी आज्ञावली लिहिली. तिच्यातून उभी राहिलेली कंपनी २०१६ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. चेन्नईची के-सेव्हन कंपनीही याच क्षेत्रातील. परंतु निवड केवळ नावावर किंवा अभिमानावर करू नये. जर्मनीतील एव्ही-टेस्ट आणि ऑस्ट्रियातील एव्ही-कम्पॅरेटिव्ह्ज या संस्था अँटिव्हायरसची नियमित चाचणी घेऊन निकाल प्रसिद्ध करतात. ते पाहून मग निर्णय घ्यावा.

सरकारी प्रयत्नांचीही माहिती असावी. फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्र सरकारने ‘सायबर स्वच्छता केंद्र’ सुरू केले. विषाणूबाधित संगणक शोधून ते साफ करण्यासाठी विनामूल्य साधने देणे, हा त्याचा हेतू. मोबाइलसाठी एम-कवच, पेनड्राइव्हवर नियंत्रण ठेवणारे यूएसबी प्रतिरोध आणि परवानगी दिलेल्या आज्ञावलीच चालू देणारे ॲपसंविद ही सी-डॅकने विकसित केलेली साधने या केंद्राने लोकांपुढे ठेवली. केंद्राच्या नावातील ‘स्वच्छता’ हा शब्द समर्पक आहे. विषाणूबाधित संगणकांची टोळी दूरवरून चालवून तिच्याद्वारे बँका किंवा सरकारी संकेतस्थळांवर हल्ले केले जातात आणि घरमालकाला त्याचा पत्ताही नसतो. अंगणातील साचलेल्या पाण्यावरचे डास जसे शेजाऱ्यालाही चावतात, तसेच हे आहे. घरच्या संगणकाची निगा ही त्या अर्थाने सार्वजनिक आरोग्याची बाब आहे.

नित्य उपयोगाची साधने

अर्ज भरताना छायाचित्र आणि स्वाक्षरी ठरावीक किलोबाइटमध्ये बसवावी लागते. अशा वेळी अनेक जण अनोळखी संकेतस्थळावर आधार कार्ड किंवा जातीचा दाखला चढवतात आणि लहान करून घेतात. ती प्रत तेथे किती दिवस राहते आणि कोण पाहते, हे आपल्याला कळण्याचा मार्ग नसतो. छायाचित्राचा आकार विंडोजमधील पेंटमध्येच कमी करता येतो. लिबरऑफिस या मुक्त संचाद्वारे चित्रांची गुणवत्ता थोडी उतरवून लहान पीडीएफ तयार करता येते. ही कामे घरातल्या घरात होतात, कागद बाहेर जात नाही.

फाइली संकुचित करण्यासाठी सेव्हन-झिप, ध्वनिचित्रफितींसाठी व्हीएलसी आणि पासवर्ड सांभाळण्यासाठी कीपास किंवा बिटवॉर्डन ही साधने विनामूल्य आहेत आणि त्यांची मूळ आज्ञावली तपासणीसाठी खुली आहे. पासवर्ड-पेटी तर प्रत्येक उमेदवाराने वापरावी, कारण आयोगाचे संकेतस्थळ, ई-मेल आणि बँक या सर्वांना एकच पासवर्ड ठेवणे म्हणजे सर्व खोल्यांना एकच किल्ली लावणे होय. याउलट ‘रजिस्ट्री’ साफ करणारी आणि वेग दुप्पट करण्याचे आश्वासन देणारी साधने टाळावीत. नको असलेल्या फाइली काढण्याची सोय विंडोजमध्येच आहे.

कोणतेही साधन उतरवण्यापूर्वी पाच प्रश्न विचारावेत. ते कोणी तयार केले? निर्मात्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच मिळत आहे ना? ते कोणत्या परवानग्या मागते? शेवटचे अद्ययावत केव्हा झाले? आणि मोफत असेल, तर निर्मात्याचा खर्च कशातून भागतो? यांतील एकाचेही उत्तर समाधानकारक नसेल, तर ते साधन दूर ठेवावे. ‘क्रॅक’ केलेले सॉफ्टवेअर चालवण्यापूर्वी अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते. पहारेकऱ्याला रजा द्यायला सांगणारा पाहुणा कोणत्या हेतूने आला आहे, हे वेगळे सांगावयास नको.

शेवटचा आधार: राखीव प्रत

सर्व काळजी घेऊनही संकट येऊ शकते. त्यासाठी तीन-दोन-एक हा नियम लक्षात ठेवावा: महत्त्वाच्या फाइलींच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक घराबाहेर. प्रत घेऊन झाल्यावर बाहेरची डिस्क संगणकापासून सोडवून ठेवावी. खंडणीखोर विषाणू जोडलेल्या डिस्कवरील फाइलींनाही कुलूप लावतो. महिन्यातून एकदा त्या प्रतीतील एखादी फाइल उघडून पाहावी. न उघडणारी प्रत असून नसल्यासारखीच.

परीक्षेच्या दृष्टीने

या विषयाची कायदेशीर चौकट तुम्हाला परीक्षेतही उपयोगी पडेल. माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० हा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलात आला. २००८ च्या दुरुस्तीने त्यात कलम ७० ब अंतर्भूत झाले. २००४ पासून कार्यरत असलेल्या ‘सर्ट-इन’ या संस्थेला संगणकीय सुरक्षा घटनांबाबतची राष्ट्रीय यंत्रणा म्हणून त्याद्वारे वैधानिक आधार मिळाला. सायबर स्वच्छता केंद्र याच संस्थेमार्फत चालते. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक प्रकारच्या घटना सहा तासांच्या आत सर्ट-इनला कळवणे कंपन्या व संस्थांवर बंधनकारक झाले. राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण २०१३ चे, तर डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ चा. आर्थिक फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार नोंदवावी. जितका विलंब कमी, तितकी रक्कम मध्येच रोखली जाण्याची शक्यता अधिक.

मित्रहो, प्रारंभी सांगितलेल्या त्या विद्यार्थ्याने नंतर नवी टिपणे काढली, दाखले पुन्हा मिळवले. पण तहसील कार्यालयाच्या फेऱ्यांत त्याचे अनेक आठवडे गेले. त्याला हवे असलेले साधन दुकानात मिळणारे नव्हते. पेनड्राइव्ह बाजूला काढून ठेवणे, जाणकाराला विचारणे आणि आधी प्रत, मग उपचार, हा क्रम पाळणे एवढ्याने त्याचे काम भागले असते. आज घरी गेल्यावर नवे काही उतरवण्याआधी आपल्या संगणकात आधीच काय काय आहे, त्याची यादी करा. ज्याचे काम सांगता येत नाही, ते काढून टाका. जे उरेल ते अद्ययावत करा आणि दाखल्यांची एक प्रत आजच वेगळ्या जागी ठेवा. अभ्यासाच्या वेळेतील एक तास यात जाईल. तो अभ्यासातच धरावा.