शिवनाथेच्या पात्रातील बेट



'बेट' हा शब्द उच्चारताच रायपुरातील मराठी मुलांच्या डोळ्यांपुढे जंजिरा उभा राहतो, नाहीतर मालवणसमोरच्या कुरटे बेटावरील सिंधुदुर्ग. त्यात नवल नाही. इतिहासाच्या पुस्तकाने ती चित्रे मनावर कोरलेली असतात. परंतु समुद्र येथून शेकडो कोस दूर आहे, आणि पुष्कळ मुलांनी तो अजून पाहिलेलाही नसतो.

अशाच दोन मैत्रिणींची ही हकिगत आहे. दोघी बालवाडीपासून एका बाकावर बसल्या, एकाच वर्षी दहावीची परीक्षा दिली. त्यांतील एकीचे घर भोसल्यांच्या काळी नागपुराहून छत्तीसगडात आलेले. दुसरीचे वडील नोकरीनिमित्त आलेले आणि त्या उन्हाळ्यात बिऱ्हाड पुण्याला हलवणार होते. जाणारी आनंदात होती. "इथे आपलं असं काय आहे गं?" असे ती एकदा सहज बोलून गेली. राहणारीला ते फार लागले. वाद घालण्याचा तिचा स्वभाव नव्हता. तिने काकांना गळ घातली आणि एका रविवारी पहाटेच तिघे मडकूला निघाले.

मडकू द्वीप रायपूरहून सुमारे ८० किलोमीटरवर, बिलासपूरच्या वाटेवर, मुंगेली जिल्ह्यात आहे. बैतलपूरपासून आत वळले की थोड्याच वेळात शिवनाथ नदी दिसते. येथे तिचा प्रवाह दुभंगतो आणि मधोमध सुमारे २४ हेक्टरांची भूमी सोडून पुढे पुन्हा एक होतो. या भूमीचा आकार बेडकासारखा, म्हणजे मंडूकासारखा, म्हणून 'मडकू' असे सांगतात. मांडूक्य ऋषींचे हे स्थान, बारा मंत्रांचे मांडूक्योपनिषद येथेच रचले गेले, अशीही श्रद्धा आहे. श्रद्धेला पुरावा मागू नये. मात्र तिला पुरावा म्हणूनही पुढे करू नये.

नावाड्याने दोघींना "नोनी" म्हणून हाक मारली आणि डोंग्यात मधोमध बसायला सांगितले. जाणारीला पोहता येत नव्हते. तिने मैत्रिणीचा हात घट्ट धरला. पात्र रुंद नव्हते, पण पाण्याचा तळ दिसत नव्हता. राहणारी तेव्हा एवढेच म्हणाली, "घाबरू नकोस, हे आपल्या महादेव घाटाचंच पाणी आहे."

हे तिने धीर देण्यासाठी म्हटले खरे, पण भूगोलाच्या दृष्टीनेही ते बरोबर होते. रायपूरच्या महादेव घाटावरून वाहणारी खारून सिमग्याजवळ सोमनाथ येथे शिवनाथेला मिळते आणि तेच पाणी पुढे मडकूला वळसा घालते. शिवनाथ स्वतः येते ती गडचिरोलीच्या सीमेवरील डोंगराळ मुलखातून. म्हणजे या बेटाभोवती वाहणाऱ्या पाण्याचा मराठी मुलखाशीही शेजार आहे. वर्षानुवर्षे वर्गात नद्यांचे नकाशे काढून घेतले जातात. त्यांतली एखादी रेघ अशी हाताला ओली लागली, म्हणजे ती पुसली जात नाही.

बेटावर दाट झाडी, वानरे आणि शांतता होती. चिंचेखालच्या पायवाटेने दोघी पुढे गेल्या आणि समोर लालसर दगडांच्या लहान लहान देवळांची ओळ दिसली. २०१०-११ मध्ये राज्याच्या पुरातत्त्व विभागाने येथे उत्खनन केले, तेव्हा १९ देवळांचे अवशेष मातीखालून निघाले. ती साधारण दहाव्या-अकराव्या शतकातील, रतनपूरच्या कलचुरींच्या काळातील मानली जातात. विखुरलेले दगड ओळखून, जुळवून काही देवळे त्यांच्या जागी पुन्हा उभी करण्यात आली. नीट पाहिले तर जोड दिसतात. ते दिसतात हेच बरे.

एका चौथऱ्यावर पाच लिंगे एकत्र कोरलेली होती. त्यांना स्मार्तलिंग म्हणतात. पाच देवतांची एकत्र उपासना त्यामागे आहे. याच बेटावर १९०९ पासून दर फेब्रुवारीत ख्रिस्ती बांधवांचा मेळा भरतो आणि झाडांखाली राहुट्या पडतात. पाच देवांनी एक चौथरा वाटून घेतलेल्या या जागेला त्याचे ओझे झालेले दिसत नाही.

राहणारीने मग कलचुरींची गोष्ट सांगितली. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत रतनपुरावर चालून आले आणि हे जुने राज्य मराठ्यांच्या हाती गेले. "म्हणजे ही देवळं ज्यांची, त्यांचं राज्य आपण घेतलं?" जाणारीने विचारले. राहणारी गप्प राहिली. तिच्या घरी भोसल्यांचे नाव नेहमी अभिमानाने घेतले जाई. या बाजूने तो प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता. काही वेळाने ती म्हणाली, "हो, घेतलं. आणि मग इथेच राहिलो." पालकहो, सोळाव्या वर्षी दिलेले इतके सरळ उत्तर अनेक जाडजूड ग्रंथांत सापडत नाही.

काकांनी दोघींना आणखी एक गोष्ट सांगितली. मडकूच्या परिसरातून पूर्वी दोन शिलालेखांची नोंद झाली आहे: एक ब्राह्मीत, तिसऱ्या शतकाच्या सुमाराचा, दुसरा शंखलिपीत. शंखलिपी भारतात अनेक ठिकाणी आढळते, परंतु तिचे सर्वमान्य वाचन अद्याप झालेले नाही. जाणारी हे ऐकून पायरीवर बसूनच राहिली. कोणीतरी शंखाच्या वळणांनी काहीतरी लिहून गेले आहे आणि ते अजून कोणालाच कळत नाही, हे तिला खरे वाटेना. डबे तेथेच उघडले गेले. दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि वाटेत घेतलेले पेरू. वानरांनी दोन पेरू पळवले.

जूनमध्ये बिऱ्हाड पुण्याला गेले. भाद्रपदात तेथून पत्र आले. त्यात कॉलेजविषयी, नव्या घराविषयी दोन ओळी होत्या. बाकी सगळे प्रश्न होते. बेडकाचे डोके या वर्षी पाण्याखाली गेले का? देवळांच्या ओट्याला पाणी लागले का? डोंगेवाले कका कोठे असतात?

राहणारी पुढच्याच रविवारी काकांबरोबर पुन्हा मडकूला गेली. शिवनाथ दोन्ही तीर भरून वाहत होती, डोंगे बंद होते. काठावर उभे राहून जेवढे दिसले तेवढे पाहून तिने तेथेच, गुडघ्यावर वही ठेवून, उत्तर लिहायला घेतले.