घरचं साहित्य, घरचे हात

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



सचिवांचा फोन आला तेव्हा ते म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतले. ज्येष्ठांसाठी मुदत ठेवींवर पंधरा मिनिटं बोला." मी म्हटलं, व्याजदर आता सगळ्यांना मोबाइलवर दिसतो. मी घरातल्या टाकाऊ वस्तूंवर बोलतो. त्यावर आमची सौ. शेजारून म्हणाली, "म्हणजे स्वतःवरच की!" तेव्हा विषय घरातूनच मंजूर होऊन आलेला आहे.

आमच्या पिढीला काटकसर कोणी शिकवली नाही, ती अंगवळणीच होती. शाळेची वही संपली की कोरी पानं काढून आई पोत्याच्या सुईने त्यांची नवी वही शिवायची. बँकेत लागलो तेव्हा साहेब आलेली पाकिटं उलटी करून चिकटवून परत वापरायला लावायचे. पुढे पगार वाढले, वस्तू स्वस्त झाल्या, आणि मी पेनाशिवाय काही हातात न धरणारा माणूस झालो. नळाचा वायसर बदलायलाही माणूस बोलवायचा. निवृत्त झालो तेव्हा कळलं की सदतीस वर्षांत माझ्या हातांना सही करण्यापलीकडे काही येत नव्हतं.

मग उत्साहाने गच्चीवर बाग करायला घेतली. ती गोष्ट जुन्या सभासदांना चांगलीच आठवत असेल. ज्यांना माहीत नाही त्यांना मीच सांगतो, म्हणजे ती मीठमसाल्याशिवाय कळेल.

बोहरी आळीतून दोनशे लिटरची तीन प्लॅस्टिकची पिंपं आणली, मधोमध कापून सहा केली, काठोकाठ माती भरली आणि थेट गच्चीच्या फरशीवर मांडली. बँकेत आयुष्यभर आकडे मोडले, पण हा हिशोब केला नाही. शंभर लिटरच्या कुंडीतली ओली माती दीडशे किलोच्या वर भरते. सहा कुंड्या म्हणजे जवळजवळ एक टन! खाली हवा नाही, पाण्याला वाट नाही. दुसऱ्या जुलैत खालच्या फ्लॅटच्या छताला ओल आली. पोपडे थेट त्यांच्या जेवणाच्या टेबलावर पडले. दुरुस्तीचे साडेअकरा हजार मी भरले. भाजी किती निघाली होती? धरून चाला, चारशे रुपयांची. हा माझ्या काटकसरीचा पहिला ताळेबंद.

पैसे गेले त्याचं फार वाटलं नाही. पण खालचे शेजारी माझ्याशी बोलेनासे झाले. जिन्यात समोरासमोर आलो की ते खिशातल्या किल्ल्या बघायचे आणि मी छत्री. असे चार महिने गेले.

एका रविवारी मी गच्चीवर कुंड्यांसाठी लाकडी घडवंची ठोकत होतो. खिळा वाकडा, मी त्याहून वाकडा. आवाज ऐकून ते वर आले. मला वाटलं, आता भांडण. थोडा वेळ बघत उभे राहिले आणि म्हणाले, "साहेब, हातोडा मानेपाशी नका धरू. शेवटाला धरा. वजन त्यालाच टाकू दे." मग हातोडा माझ्याकडून घेतला आणि दोन घावांत खिळा आत. पस्तीस वर्षं ते भोसरीच्या एका कारखान्यात फिटर होते. इतकी वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहिलो, दर संक्रांतीला तिळगूळ दिला, आणि त्यांच्या हातात काय आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनीही मला 'बँकेतले साहेब' म्हणूनच सोडून दिलं होतं. आज गच्चीवर ज्या बुटक्या घडवंच्या दिसतात, त्या त्यांनी मापाने केल्या. मी फक्त लाकूड धरलं.

तर त्या साडेअकरा हजारांच्या शिक्षणातून जे शिकलो, ते आता तुम्हाला फुकट देतो.

पहिलं, माती कमी आणि पालापाचोळा जास्त. कोल्हापूरचे गणिताचे प्राध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला. थोड्या जागेत, घरच्याच काडीकचऱ्यातून कसदार माती करून पीक घेता येतं, हे त्यांनी साध्या माणसांना पटवलं. आपल्याला त्यातलं एवढं पुरे: रंगाची वीस लिटरची रिकामी बादली घ्या. तापवलेल्या खिळ्याने तळाला आणि बाजूंना भोकं पाडा. तळाशी तीन बोटं नारळाच्या शेंड्या. त्यावर रोजचा भाजीचा कचरा बारीक चिरून, आणि जेवढा ओला कचरा त्याच्या दुप्पट वाळका पाला. पाला विकत घ्यायचा नाही. आपल्या आवारातली झाडं तो रोज देतात आणि आपण तो गाडीत भरून देतो. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा थोडं आंबट ताक. वर जुन्या साडीचा तुकडा बांधा, म्हणजे चिलटं येणार नाहीत. आठवड्यातून दोनदा खालीवर करा.

वास आला तर घाबरू नका. वास म्हणजे पाणी जास्त झालं, पाला वाढवा. मूठभर घेऊन दाबून बघा: ओलसर लागलं पाहिजे, पण थेंब गळता कामा नये. शिजलेलं, तेलकट, खारट अन्न यात टाकू नका. दोन-तीन महिन्यांत काळंभोर खत होतं. त्याला पहिल्या पावसासारखा वास येतो. अर्ध्या कुंडीत हे खत, थोडी माती आणि बाकी पाला भरला की कुंडी हलकी राहते. पुदिना, मेथी, मिरची, ओवा एवढं आपल्या चार जणांच्या घराला पुरतं. ओला-सुका कचरा वेगळा करणं नियमांनी तसंही बंधनकारक आहे. तो वेगळा करून गाडीत टाकण्यापेक्षा कुंडीत टाकला तर निदान मिरची तरी येते.

गावाला जाताना झाडांना पाणी कोण घालणार? दोन लिटरची बाटली मधोमध कापा. झाकणाला भोक पाडून त्यातून जुन्या सुती बनियनची पट्टी वातीसारखी ओवा. वरचा भाग उलटा करून खालच्या भागात बसवा. वर माती आणि रोप, खाली पाणी. वात लागेल तेवढं पाणी ओढून घेते. मात्र फट उघडी ठेवू नका. डेंग्यूचा डास स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचा पूर्ण डास होतो. म्हणून कुंड्यांखालच्या ताटल्या आठवड्यातून एक दिवस कोरड्या करायच्याच. फुकटची बाग आणि दवाखान्याचं बिल हा सौदा नको.

दुसरी गोष्ट मुलांसाठी. दिवाळीला तयार कंदील आणतो, त्याऐवजी एकदा बुरुड आळीतून बांबूच्या कामट्या आणा. दोऱ्याने चौकोन बांधा आणि पतंगाचा कागद लावा. खळ घरीच करायची. दोन चमचे मैदा कपभर थंड पाण्यात कालवा, मंद आंचेवर ढवळत राहा, पारदर्शक झाली की उतरवा. पूर्वी किडे लागू नयेत म्हणून त्यात मोरचूद घालायचे. ते विषारी आहे, मुलं असताना नको. आत एलईडी दिवा लावा, तो फार तापत नाही. आणि पुण्याचे अरविंद गुप्ता तुम्हाला माहीत असतील. काड्यापेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे तुकडे जोडून त्यांनी मुलांना त्रिकोण, चौकोन, घनाकृती शिकवल्या. पुढे 2018 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माझ्या नातवाचं खेळण्यांचं कपाट भरलेलं आहे, पण सुट्टीत दोन तास शांत बसला तो त्या काड्या जोडताना.

आता तिसरी आणि माझी आवडती गोष्ट, गोधडी. सौ.ने नातीसाठी एक गोधडी घातली होती. तिच्या सासूबाईंची, म्हणजे माझ्या आईची दोन नऊवारी लुगडी आणि तिच्या स्वतःच्या सुती साड्या. अर्धी झाली आणि संधिवाताने तिची बोटं आखडली. सुई धरवेना. गोधडी वर्षभर कपाटात पडून राहिली. कपाट उघडलं की ती आधी गोधडीकडे बघायची आणि मग पटकन दुसरीकडे. एक दिवस मी म्हटलं, तू सांग, मी शिवतो. ती म्हणाली, "गच्चीसारखी?"

पण शिकवलं तिने. साड्या आधी धुऊन घ्यायच्या, म्हणजे खळ आणि कच्चा रंग निघून जातो. नायलॉन, टेरिलीन घ्यायचं नाही; त्याला ऊब नाही आणि टाकाही धरत नाही. जमिनीवर चार-पाच थर सुरकुती न पडता पसरायचे, कोपऱ्यांवर पाट ठेवायचे. आधी हातभर अंतराने मोठे कच्चे टाके, मग काठापासून आत धावदोरा, ओळींत एका बोटाचं अंतर. माझी पहिली ओळ बघून ती म्हणाली, "ही मुंबईकडे निघाली आणि नाशिकला पोचली." उसवली. दुसरीही उसवली. मग 'बी' इमारतीतल्या दोन वहिनी दुपारच्या येऊ लागल्या. सौ. खुर्चीत बसून हुकूम सोडायची. अडीच महिन्यांत गोधडी पुरी झाली आणि सातासमुद्रापलीकडे गेली. नात व्हिडिओ कॉलवर विचारते, "आजी, यातल्या वाकड्या ओळी कोणाच्या?" आजी म्हणते, "त्या आजोबांच्या. तेवढ्या तू हाताने शोधून काढायच्या."

आता काय करू नये, तेही सांगतो. वीज आणि गॅस यांना घरच्या घरी हात लावायचा नाही. भिंत, खांब, तुळई फोडायची नाही. गच्चीवर काही ठेवण्याआधी कार्यकारिणीला विचारायचं. हे मी सांगतोय, म्हणजे अनुभवाने सांगतोय! आणि 'कधीतरी उपयोगी पडेल' म्हणून साठवायचं नाही. आमच्या घरी नियम आहे: सहा महिन्यांत डब्याचं काही झालं नाही तर तो भंगारवाल्याला. साठवण म्हणजे काटकसर नव्हे. काटकसर वस्तू वापरण्यात आहे.

मित्रहो, खरं सांगायचं तर यात पैसे फार वाचत नाहीत. हिशोबाची वही मी ठेवली आहे. ते साडेअकरा हजार अजून पुरते वसूल झालेले नाहीत. पण पंचवीस वर्षांत आपण मासिक देखभाल खर्चावर, पार्किंगवर, पाण्याच्या टँकरवर किती सभा घेतल्या! कोणाच्या हातात काय आहे, यावर एकही घेतली नाही. आपल्यातली निम्मी घरं आता दोन माणसांची आहेत. मुलं दूर आहेत. वेळ आहे, आणि हात रिकामे आहेत.

म्हणून एक काम केलं आहे. वॉचमनच्या केबिनमध्ये आडव्या रेघांची एक वही ठेवली आहे, अर्थात जुन्या वह्यांची उरलेली पानं शिवून केलेली. तीन रकाने आहेत: नाव, काय येतं, काय शिकायचं आहे. पहिली नोंद खालच्या शेजाऱ्यांची आहे. 'काय येतं' मध्ये त्यांनी लिहिलंय, 'फिटिंग, सुतारकाम'. आणि 'काय शिकायचं आहे' मध्ये, 'गोधडी'.

दुसरी ओळ रिकामी आहे. जाता जाता भरून जा.