छातीतील गाठ आणि मूत्रपिंडाचा विकार

(केडगाव येथील पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेले भाषण)



सकाळी चेहरा सुजतो, संध्याकाळी पाय सुजतात, लघवीला फेस येतो. घरात कुणी म्हणते नजर लागली. पण आपण ज्याला गुर्दा म्हणतो, त्या मूत्रपिंडाच्या चाळणीतून रक्तातील प्रथिन गळत असल्याचे हे लक्षण असू शकते. याची कारणे पुष्कळ आहेत. त्यांतील एक दुर्मिळ कारण मुद्दाम सांगतो, कारण दुर्मिळ म्हणूनच ते नजरेतून सुटते.

छातीच्या मधल्या हाडामागे थायमस ग्रंथी असते. मराठीत तिला यौवनलोपी ग्रंथी असे समर्पक नाव आहे. बालपणी ती मोठी असते व तारुण्यानंतर आक्रसत जाते. तिचे कार्य जॅक मिलर यांनी १९६१ साली उंदरांवरील प्रयोगांतून दाखवून दिले. रक्तातील काही पांढऱ्या पेशी आपले कोण व परके कोण हे येथेच शिकतात. शाळाच म्हणा ना! या ग्रंथीत गाठ झाली की हे शिक्षण बिघडते आणि पेशी आपल्याच शरीरावर उलटतात. पुष्कळदा मार स्नायूंवर बसतो. पापण्या गळतात, घास गिळवत नाही. क्वचित तो मूत्रपिंडावर बसतो, असे तज्ज्ञ मानतात.

विशेष म्हणजे गाठ काढल्यावर काही वर्षांनीही हा विकार उद्भवू शकतो. रुग्णाला वाटते, छातीचे ऑपरेशन जुने झाले, सुजेशी त्याचा काय संबंध? म्हणून तो डॉक्टरांना सांगतच नाही. ते जुने कागद जपून ठेवा आणि दाखवा.

लघवीची तपासणी स्वस्त आहे. तिच्यामागील तत्त्व विद्यार्थ्यांना सहज कळेल. अंड्याचा पांढरा बलक तापवला की गोठतो. लघवीत प्रथिन असेल तर ती परीक्षानळीत तापवल्यावर तशीच गढूळ होते. व्हिनेगरचे थेंब टाकूनही गढूळपणा टिकला तर प्रथिनाचा संशय घ्यावा. अर्थात निदान डॉक्टरांनीच करायचे. मूत्रपिंडाचा बारीक तुकडा काढून तपासावा लागतो.

उपचारात बहुधा स्टेरॉइडच्या गोळ्या असतात आणि अनेकांना त्यांचा चांगला गुण येतो. सूज उतरली म्हणून किंवा रमजान लागला म्हणून त्या एकदम बंद करू नयेत. जिवावर बेतू शकते. आजारी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत धर्मानेच दिली आहे. गोळ्या कमी करायच्या त्या डॉक्टर पायरीपायरीने करतात.