मेलची फाईल बिघडली तर

अकोल्यातल्या जिनिंगचे सौदे असोत की अमरावतीतल्या वकिलांचा पत्रव्यवहार, आउटलुक या मेल प्रोग्रॅममध्ये तो अनेकदा एकाच पीएसटी फाईलमध्ये साठतो. मेल उतरत असताना वीज गेली, की या फाईलची आतली अनुक्रमणिका बिघडू शकते. पत्रं मात्र बरीचशी शाबूत असतात. म्हणून घाईने काही पुसू नका. आउटलुक बंद करून फाईलची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्या आणि त्या प्रतीवरच आउटलुकचं ‘स्कॅनपीएसटी’ हे दुरुस्तीचं साधन चालवा. सुटी झालेली पत्रं ‘लॉस्ट अँड फाउंड’ फोल्डरमध्ये शोधा.

कुणी म्हणेल, मेल सर्व्हरवर असतोच की! ओएसटी फाईल, म्हणजे सर्व्हरवरच्या मेलची संगणकावरची प्रत, असेल तर हे बहुतांशी खरं. ती पुन्हा तयार होते. पण पॉप पद्धतीत मेल उतरवून घेतल्यावर सर्व्हरवरून पुसला जाऊ शकतो. तिथे दुरुस्तीपेक्षा नियमित प्रतच भरवशाची.