वीज गेली की पंपाचं काय?



टेक्सासमध्ये शहराबाहेर घर घेतलेल्या आपल्या मंडळींना बरेचदा अंगणातल्या बोअरचाच आधार असतो. फेब्रुवारी 2021 च्या थंडीने या आधाराची परीक्षा पाहिली. डॅलसला पारा उणे 19 सेल्सिअसपर्यंत उतरला आणि नेमकी तेव्हाच राज्यातल्या 40 लाखांहून अधिक ग्राहकांची वीज गेली.

बोअरमधलं पाणी गोठत नाही. खोल जमिनीचं तापमान बारा महिने जवळपास सारखंच, त्यामुळे पाण्यात सोडलेला पंप सुखरूप राहतो. धोका वरच्या सामानाला: पाइप, टाकी आणि प्रेशर स्विच. स्विचखाली जेमतेम पाव इंचाची नळी असते. टाकीतला दाब तीच स्विचपर्यंत पोहोचवते. तिच्यात घोटभरही पाणी नसतं, म्हणून ती लवकर गोठते. मग टाकी रिकामी असूनही पंप सुरू होत नाही, नाहीतर भरली तरी थांबत नाही. पाइपचं दुखणं वेगळं. बर्फ होताना पाणी सुमारे 9 टक्के फुगतं आणि पाइप तडकतो.

पंपघरात उष्णतेचा दिवा लावतात, पाइपला तापणारी पट्टी गुंडाळतात. उपाय चांगले, पण वीज असेपर्यंतच. नळ थेंब थेंब सोडून ठेवायचा, तर पंप चालायला हवा. मिनेसोटात जमीनच चार-पाच फूट गोठते. तिथे बोअरचा पाइप त्या थराच्याही खालून थेट घरात नेतात. त्याला विजेची गरज नाही.

तुमचं पंपघर जमिनीवर असेल, तर थंडीच्या लाटेचा इशारा मिळताच पिण्याचं पाणी भरून ठेवा. वीज गेली आणि लवकर येण्याचं चिन्ह नसलं, की आधी पंपाचा ब्रेकर बंद करा. नाहीतर वीज येताच पंप आपोआप सुरू होईल. मग टाकीखालचा नळ सोडा, घरातले नळ उघडा आणि पाइप रिकामे करा. रिकाम्या पाइपमध्ये फुगायला पाणीच उरत नाही. गोठलेल्या पाइपला ज्योत लावू नका; वीज आल्यावर हेअर ड्रायर पुरतो. सगळे सांधे तपासा, मगच पंप लावा.

दिवा जरूर लावा, पण त्याच्यावर विसंबू नका. टाकीखालचा तो नळ कुठे आहे आणि हाताने फिरतो का, हे थंडी पडायच्या आत एकदा बघून घ्या.