चाकावरचे घर आणि वाटेवरचे गाव



यात्रा, जत्रा आणि मेळावे यांचा बुलढाणा जिल्ह्यात तुटवडा नाही. आश्विनात देऊळगाव राजा येथे बालाजीची यात्रा भरते. त्याच सुमारास, नवरात्रात, लोणारच्या सरोवराकाठी कमळजादेवीच्या दर्शनाला भाविकांची रीघ लागते. होळीच्या सुमारास सैलानी येथे निरनिराळ्या धर्मांचे लोक एकत्र येतात. १२ जानेवारीला जिजाऊंच्या जन्मदिनी सिंदखेड राजा माणसांनी फुलून जाते. शेगावला तर वर्षभर भाविकांचा ओघ असतो. आज ही सारी ये-जा एस. टी., जीप, मोटार आणि ट्रॅक्टर यांनी होते. परंतु दोन-तीन पिढ्यांपूर्वीपर्यंत खेड्यातील कुटुंब यात्रेला निघे ते छत घातलेल्या बैलगाडीतून. ती गाडी म्हणजे चाकावरचे घरच होते. हे घर कसे चालत असे, कोणाच्या आधाराने चालत असे आणि त्या व्यवस्थेतून आजच्या ग्रामपंचायतीने काय घ्यावे, हा या भाषणाचा विषय आहे.

गाडीची सिद्धता

यात्रेची तयारी सुताराच्या आणि लोहाराच्या दारात सुरू होई. लाकडी चाकावर बसविलेली लोखंडी धाव हा गाडीचा प्राण. धाव चाकापेक्षा किंचित लहान घडवायची, गोवऱ्यांच्या जाळात ती लाल होईपर्यंत तापवायची, तापून वाढली की चाकावर चढवायची आणि लगेच पाणी ओतायचे. थंड होताना धाव आकसते आणि आरे, पुठ्ठे व तुंबा यांना घट्ट आवळून धरते. धातू उष्णतेने प्रसरण पावतो आणि थंडीने आकुंचन पावतो हा शाळेतील धडा गावच्या लोहाराला पिढ्यान् पिढ्या हातातून ठाऊक होता. उन्हाळ्यात लाकूड आटले की धाव सैल पडे. तेव्हा प्रवासापूर्वी चाके नदीच्या डोहात भिजत घालीत. आसाला वंगण घालीत आणि वाटेसाठी वंगणाचा नळा गाडीला टांगून ठेवीत. खडीच्या रस्त्याने जावयाचे असेल, तर बैलांच्या खुरांना पत्र्या मारून घेत.

मालाच्या गाडीला यात्रेपुरते घराचे रूप देणे ही घरच्यांची कला होती. बांबूच्या कामट्या कमानीसारख्या वाकवून त्यांवर तट्टा किंवा ताडपत्री बांधीत. ज्यांची ऐपत असे त्यांच्याकडे प्रवासासाठी निराळी, हलकी दमणी असे. तळाशी कडबा, त्यावर गोधडी, कोपऱ्यात पिठाची पिशवी, मिठा-मिरचीची पुरचुंडी, तवा, बादली आणि दोर. गाडीखाली कंदील आणि मागे बैलांच्या कुटाराचे पोते. बैलांच्या गळ्यांत घुंगुरमाळा घालीत, त्या केवळ शोभेसाठी नव्हत. अंधाऱ्या वाटेवर समोरून गाडी येत असल्याची ती सूचना असे. म्हातारी माणसे, लेकुरवाळ्या स्त्रिया आणि माहेरी आलेल्या लेकी गाडीत बसत. पुरुष बहुधा पायी चालत. वर्षभर शेताच्या बांधापलीकडे क्वचितच जाणाऱ्या स्त्रियांना यात्रेचे हे चार-आठ दिवस मोकळ्या वाऱ्याचे वाटत.

मजल दरमजल

लादलेली बैलगाडी ताशी तीन-चार किलोमीटरपेक्षा अधिक चालत नाही आणि बैलांना न शिणवता दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर ही बरीच मोठी मजल होय. चिखलीहून देऊळगाव राजाला आज एस. टी. दीड तासाच्या आत पोहोचते. गाडीला ह्याच वाटेवर किमान एक मुक्काम पडे. पहाटे जुंपायचे, ऊन चढले की झाडाखाली सोडायचे, उतरत्या उन्हात पुन्हा जुंपायचे आणि दिवेलागणीला तळ गाठायचा, असा क्रम होता.

जिल्ह्याची भूमीच अशी की, प्रवासाचे वेळापत्रक तीच ठरवीत असे. घाटाखाली पूर्णेचे काळ्या मातीचे सपाट खोरे. पावसाळ्यात तेथे चाक आऱ्यापर्यंत रुते. घाटावर अजिंठ्याच्या रांगेतील चढउतार आणि पैनगंगेचा उगमप्रदेश. राजूर घाट किंवा बोथ्याचा घाट चढताना एका गाडीला दुसऱ्या गाडीची बैलजोडी लावीत. उतरताना गाडी बैलांच्या अंगावर जाऊ नये म्हणून मागे लाकडाचा ओंडका बांधून ओढीत नेत. म्हणून यात्रेच्या गाड्या एकएकट्या निघत नसत. पाच-दहा गाड्यांचा तांडा असे. पुढच्या गाडीचा धुरकरी वाटेचा जाणकार असे आणि मागच्या गाडीवर भरवशाचा माणूस बसे. कोणाचे चाक मोडले, तर सगळा तांडा थांबे. देऊळगाव राजाच्या यात्रेत उंच सागवानी लाठा दोरांच्या आधाराने उभारून जो मंडप बांधला जातो, तो एकट्यादुकट्याच्या बळाने उभा राहत नाही. हजारो हात लागतात. वाटेवरचा तांडाही त्याच न्यायाने चालत असे.

तळाची व्यवस्था

चाकावरच्या घरात सर्व काही नेता येई. पाणी, सावली आणि मोकळी जागा या तीन गोष्टी मात्र नेता येत नसत. त्या वाटेवरच्या गावानेच द्यावयाच्या असत. म्हणून जुन्या रहदारीच्या वाटेवर बारव, तलाव, धर्मशाळा, आमराई आणि गाडीतळ यांची साखळीच दिसते. सिंदखेड राजा येथील मोती तलाव, चांदणी तलाव आणि शिल्पांनी नटलेली पुतळा बारव पाहावी. मेहकरची दगडी खांबांची जुनी धर्मशाळा किंवा लोणारची बारमाही धार पाहावी. राजे, सरदार, व्यापारी आणि गावकरी यांनी वाटसरूसाठी केलेल्या या सोयींचा धर्माइतकाच संबंध रहदारीशी आणि बाजाराशी होता.

गावाच्या शिवेवरील गाडीतळ ही साधीच जागा असे. थोडी उंचावरची, पाणी न साचणारी जमीन. चार कडुनिंबाची किंवा चिंचेची झाडे. जवळ विहीर आणि गुरांसाठी हौद. तेथे उतरलेल्या माणसाला त्याची जात-गाव विचारल्याविना सर्पण आणि पाणी मिळावे, हा आदर्श सांगितला जाई. प्रत्यक्षात पाणवठ्यावर जातिभेद पाळला जात होता आणि अनेकांना तळाच्या कडेला बसून दुसऱ्याने ओतलेल्या पाण्यावर भागवावे लागे, हेही विसरता येत नाही. यात्रेचा दुसरा धोका पटकीचा. एका विहिरीवर शेकडो माणसे उतरली की रोग यात्रेकरूंबरोबर गावोगाव पसरे. सार्वजनिक पाणी सर्वांना खुले आणि शुद्ध असावे, हा आजचा दंडक अशा कटू अनुभवांतून आला आहे. जुन्या व्यवस्थेतील चांगले ते घ्यावे आणि हे दोष मात्र मागेच ठेवावेत.

ग्रामपंचायत अधिनियमातही बैलगाड्यांच्या आणि टांग्यांच्या तळांवर फी घेण्याची तरतूद आढळते. गाडीतळ ही गावाची मालमत्ता आहे आणि तिची निगा हे पंचायतीचे काम आहे, हे त्यावेळी गृहीतच होते.

आगगाडीपासून महामार्गापर्यंत

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६७ साली पूर्ण झाला आणि मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव ही स्थानके त्यावर आली. १८७० साली जलंब-खामगाव फाटा सुरू झाला. त्यामुळे बैलगाडी संपली नाही. उलट खामगावच्या कापूस बाजाराला आणि स्थानकांना माल व माणसे पोहोचविण्याचे काम तिला मिळाले. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये राज्यात एस. टी. सुरू झाली. डांबरी रस्ते गावोगाव पोहोचले आणि मग ट्रॅक्टर आला. यात्रेची गाडी हळूहळू मागे पडली. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि मेहकर व सिंदखेड राजा हे तालुके त्या वेगवान वाटेवर आले.

हा बदल हिताचाच आहे. आजारी माणूस वेळेत रुग्णालयात पोहोचतो, शेतमाल दूरच्या बाजारात जातो. पण एक गोष्ट वेगाच्या भरात निसटली. बैल थकला की गाडी थांबे. इंजिन थकत नाही, चालवणारा माणूस मात्र थकतो. १ जुलै २०२३ च्या रात्री दीडच्या सुमारास सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर खासगी बसला अपघात होऊन आग लागली आणि २५ जीव गेले. अशा घटनेची कारणे शोधणे हे तज्ज्ञांचे आणि यंत्रणेचे काम आहे. परंतु रात्रीच्या प्रवासात विसाव्याची जागा आणि विसाव्याची सवय या दोन्हींची निकड प्रत्येक गावकऱ्याला कळण्यासारखी आहे.

यात्रेच्या दिवसांत उघड्या ट्रॉलीत दाटीवाटीने बसलेली बायका-मुले आजही दिसतात. ट्रॅक्टरची ट्रॉली शेतीच्या कामासाठी असते. माणसांची वाहतूक करण्यास कायदा तिला परवानगी देत नाही. बैलगाडी उलटली तर बहुधा खरचटण्यावर भागे. भरधाव ट्रॉली उलटली तर घरेच्या घरे उजाड होतात.

जुन्या वाहनाचा मान

इतर देशांत चाकावरच्या घराचे काय झाले, हेही पाहण्यासारखे आहे. १८८५ साली गॉर्डन स्टेबल्स नावाचे नौदलातील निवृत्त डॉक्टर ‘वाँडरर’ या घोड्यांच्या गाडीतून इंग्लंडहून स्कॉटलंडपर्यंत गेले. हौसेच्या प्रवासासाठी मुद्दाम बांधलेल्या आरंभीच्या गाड्यांमध्ये तिची गणना होते. १९०७ साली ब्रिटनमध्ये अशा प्रवाशांचा क्लब स्थापन झाला. पुढे मोटारीमागे जोडण्याची फिरती घरे आली. आज तेथे चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीची जुनी फिरती घरे लोक स्वतः दुरुस्त करतात, रंगवतात आणि ठरलेल्या दिवशी मेळाव्याला ओढीत नेतात. जुनी वस्तू चालती ठेवली म्हणजे ती बनविणाऱ्याचे कौशल्यही जिवंत राहते, हा त्यामागचा विचार आहे.

महाराष्ट्र शासनानेही २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण जाहीर केले. अशा वाहनाला थांबण्यासाठी काय लागते? सपाट जागा, पाणी, वीज, स्वच्छतागृह, सावली आणि सुरक्षितता. म्हणजे गाडीतळच, नव्या गरजांसह. २०२० साली लोणार सरोवराला रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. तेथे जाणारा अभ्यासू प्रवासी शेजारच्या गावात एक रात्र थांबला, तर त्या गावच्या बचत गटाला, दूधवाल्याला आणि भाजीवाल्याला चार पैसे मिळतात. सरोवराच्या काठावर मात्र गर्दी व सांडपाणी जाता कामा नये. तळ दूरच असावा.

पंचायतीने आणि शाळेने करावयाचे काम

प्रथम, गावातील जुना गाडीतळ, बारव, हौद आणि आमराई कोठे होती याची वृद्धांकडून व गावनकाशावरून नोंद घ्यावी. अतिक्रमण झाले असल्यास ते ग्रामसभेपुढे आणावे. गावोगाव गाडीतूनच फिरणाऱ्या घिसाडी, गाडी लोहार अशा कुटुंबांना उतरायला आजही जागा लागते. तळाचा विचार करताना त्यांना वगळू नये.

दुसरे, यात्रामार्गावरील गावांनी यात्रेच्या आठ दिवस आधी पाणी, विहिरींचे निर्जंतुकीकरण, स्त्रियांसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे, दिवे आणि वाहनतळ यांची पाहणी करावी. शेगावच्या श्रींची पालखी पंढरपूरहून परतताना सिंदखेड राजा, बीबी, लोणार, मेहकर, जानेफळ, खामगाव अशी पायी येते, तेव्हा वाटेवरची गावे ही व्यवस्था कशी राखतात, हे प्रत्यक्ष पाहण्यासारखे आहे.

तिसरे, ट्रॉलीतून यात्रेला जाण्याऐवजी गावाने मिळून एस. टी. ची जादा गाडी मागवावी. ट्रॅक्टर व बैलगाड्यांच्या मागे परावर्तक पट्ट्या लावण्याची मोहीम घ्यावी. गाडीखालचा कंदील जे काम करी, तेच काम ही पट्टी करते.

चौथे, शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून गाडीच्या भागांची नावे, जुन्या वाटा, मुक्काम आणि यात्रेच्या आठवणी लिहून घ्याव्यात. धाव चढविणारा कारागीर गावात असेल, तर त्याला एक दिवस शाळेत बोलवावे. एखाद्या वाड्यात मोडकी दमणी पडली असेल, तर मालकाच्या संमतीने ती दुरुस्त करून शाळेच्या आवारात ठेवावी. जुन्या माणसांबरोबर हे शब्द आणि ही कौशल्ये जात आहेत. या कामाला आणखी दहा वर्षे थांबण्याइतका अवधी उरलेला नाही.

यात्रेला निघालेले कुटुंब कोणत्याही वाहनातून जावो, त्याचा अर्धा प्रवास त्याच्या स्वतःच्या हातात असतो आणि अर्धा वाटेवरच्या गावांच्या हातात. आपल्या गावाच्या वाट्याचा तो अर्धा भाग सुखरूप व्हावा, इतकी काळजी प्रत्येक ग्रामपंचायतीने घेतली, तरी जिल्ह्यातील शेकडो घरांच्या यात्रा निर्विघ्न पार पडतील.